बाप-लेकीचं कर्ज

कर्ज न काढता सगळी रक्कम एकदम भरणारं गिऱ्हाईक शोरूमचं सगळ्यांत लाडकं असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. कर्जाची फाइल झाली की कर्ज देणारी संस्था शोरूमला पेआउट, म्हणजे कमिशन, देते, आणि विक्रीच्या मुलांना गाड्यांइतकंच फाइलींचंही टार्गेट असतं. मी फायनान्सच्या टेबलावर बसते. 'आम्हाला कर्ज नको' हे वाक्य ऐकून किमतीतली सूट आखडती घेतलेली मी अनेकदा पाहिली आहे.

गेल्या महिन्यात एक वडील आणि त्यांची मुलगी आले. मुलगी नर्स, रात्रपाळीला जाण्या-येण्यासाठी गाडी हवी होती. वडील नुकतेच निवृत्त झालेले. मॉडेल ठरलं होतं, रंगही ठरला होता. वाद राहिला होता तो पैशांचा. वडील म्हणत होते, सगळे मी भरतो, पोरीच्या डोक्यावर कर्ज नको. मुलगी म्हणत होती, कर्ज माझ्या नावावर काढा, बाबांच्या ठेवीला हात लावायचा नाही. दोघांनाही दुसऱ्याचं ओझं स्वतःवर घ्यायचं होतं, आणि दोघांचेही आवाज चढले होते.

आमचा विक्रीचा मुलगा मध्ये पडला. "ताई, महिन्याला किती जमेल तेवढं सांगा, बाकी मी बसवतो." या प्रश्नाची मला चीड आहे. हप्ता आधी ठरवला की मुदत ताणून कुठलीही गाडी कुणालाही बसवता येते, आणि एकूण किती पैसे गेले हे शेवटपर्यंत कुणी मोजत नाही. गाडीबरोबर मॅट फुकट मिळावेत म्हणून लोक तासभर हुज्जत घालतात आणि कर्जाच्या करारावर न वाचता सह्या करतात. याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

मुलगा पुढे म्हणाला, "व्याज फक्त सात टक्के आहे, काका."

"सात टक्के कशावर?" वडिलांनी विचारलं.

हा प्रश्न आमच्याकडे फार क्वचित येतो. मी कोरा कागद पुढे ओढला. समजा, कर्ज शंभराचं आहे आणि मुदत पाच वर्षांची. फ्लॅट सात टक्के म्हणजे दर वर्षी सात, पाच वर्षांचे पस्तीस. एकूण एकशे पस्तीस, त्याचे साठ हप्ते, प्रत्येकी सव्वादोन. यात मेख अशी, की मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, पण व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पहिल्या शंभरावरच धरलेलं असतं. हाच सव्वादोनचा हप्ता घटत्या शिलकीवर मांडला तर दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास निघतो. वडिलांनी माझ्या हातातलं पेन घेऊन पस्तीसच्या आकड्याभोवती गोल काढला.

मग मी आमच्या मॅनेजरकडे जाऊन एकरकमी भरणाऱ्याची सूट लिहून आणली. ती मागितल्याशिवाय सांगितली जात नाही. बिनव्याजी योजनांतही हीच गोम असते. एकरकमी घेणाऱ्याला गाडी चौऱ्याण्णवला मिळते आणि बिनव्याजी घेणाऱ्याला पूर्ण शंभर भरावे लागतात, छत्तीस समान हप्त्यांत, तेव्हा ते व्याज शून्य नसतं, चार टक्क्यांच्या वर जातं. प्रोसेसिंग फी त्याहून वेगळी. म्हणून मी नेहमी एकाच गाडीचे दोन भाव शेजारी-शेजारी मांडायला लावते.

आकड्यांनी कौल वडिलांच्या बाजूने दिला. त्यांच्या ठेवीवर जे व्याज मिळत होतं, त्यापेक्षा कर्जाचं व्याज बरंच जास्त होतं, आणि सूटही हातची जात होती. ते समाधानाने मागे टेकून बसले.

मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या तुम्हाला अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं तर?"

"गाडी आहे की."

"गाडीने नेईन. बिल कशाने भरू?"

यावर माझ्याकडच्या कुठल्याही तक्त्यात उत्तर नव्हतं, आणि तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. वाहनकर्ज स्वस्त पडतं ते गाडी तारण असते म्हणून. ऐन अडचणीत विनातारण पैसे उभे करायला गेलं की दर कितीतरी चढा लागतो. जुन्या गाडीवर कर्ज काढायचं म्हटलं तरी नव्या गाडीपेक्षा महागच पडतं, आणि रक्कम कमी मिळते. म्हणजे आज वाचवलेलं व्याज उद्या एका फटक्यात जाऊ शकतं. दुसरी बाजूही मी सांगितली. लांब मुदतीच्या कर्जात पहिली काही वर्षं गाडीची किंमत कर्जापेक्षा भराभर उतरते. गाडी चोरीला गेली किंवा पार चेपली, तर साधी पॉलिसी गाडीची ठरलेली घटती किंमत देते, कर्जाची शिल्लक नाही. उरलेले हप्ते गाडी नसतानाही भरायचे.

मी मधला मार्ग सुचवला. मोठं डाऊन पेमेंट, थोडं कर्ज, मुदत छोटी, दर घटत्या शिलकीवर, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती हे करारात वाचूनच सही. असल्या प्रसंगी मी हेच सुचवते.

ते तिला पटलं नाही. बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळे भरा. हप्ता मी तुम्हाला देणार. या कागदावरचाच हप्ता, साठ महिने."

वडील नको-नको करायला लागले. तिने ऐकलं नाही. बँकेला सूचना देऊन पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वडिलांच्या खात्यात वळती करायची, हे तिने तिथेच ठरवलं. फोनवरून ती मांडणीही केली. तारीख आणि रक्कम बरोबर आहे ना, हे मला दाखवून खात्री करून घेतली. फाइल गेली म्हणून विक्रीचा मुलगा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, पगार आपल्याला कोण देतं. मला याचा राग आहे आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

हिशेबाने पाहिलं तर तिचा मार्ग माझ्या मार्गापेक्षा सरस आहे. सूट मिळाली, फी वाचली, गाडीवर बोजा नाही, आणि जे व्याज परक्याला जायचं ते वडिलांच्याच खात्यात जातंय. तरी माझ्या मनातून ते जात नाही. पहिलं वर्षभर वडिलांच्या खात्यात फारसं काही साठणार नाही, आणि तिची भीती तर नेमकी तीच होती. शिवाय संस्थेचा हप्ता चुकला तर दंड लागतो, फोन येतात, पत राहत नाही. वडिलांचा हप्ता चुकला तर ते म्हणतील, राहू दे गं. एखाद्या महिन्यात तिचीच ओढाताण झाली, तर तो हप्ता थांबवायला तेच आधी सांगतील. आणि वडील स्वतः कधी तिच्याकडे पैसे मागतील, असं मला त्यांच्याकडे बघून वाटलं नाही.

गाडीची चावी घ्यायला ते आले त्या दिवशी मी मुलीला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की पहिलं वर्ष जमलं तर हप्त्यापेक्षा थोडं जास्त टाक. ती म्हणाली, रात्रपाळीचा भत्ता येतो तो सगळा तिकडेच वळवणार आहे.