तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेरची कडी

"मायले कोंडून ठेवता म्हणे तुम्ही?"

कृषी केंद्राच्या काउंटरवर विचारून झालं, तेरवीच्या पंगतीत विचारून झालं. एकदा तर न्हाव्यानं वस्तरा गळ्यावर ठेवून विचारलं. प्रत्येक जण शेवटी 'म्हणे' लावतो, म्हणजे आपण नाही, गाव म्हणतं. मी आतापर्यंत हसण्यावारी नेलं. आता सांगतो.

हो. रात्रीची लाईन, म्हणजे मोटारीची वीज, असली आणि मी ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, निघालो की बाहेरून कडी लावतो. कुलूप लावत नाही. कडी वेगळी आणि कुलूप वेगळं, असं मी स्वतःला सांगत असतो. आतल्या माणसाला दोन्ही सारखंच, हेही मला कळतं.

घरात मी आणि माय दोघंच का, ते तुम्हाला माहीत आहे. बैल का विकले तेही. वर्ध्याच्या डॉक्टरनं मायला डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, सांगितला, त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

मोटारीला थ्री फेज वीज लागते आणि ती आठ तास मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळी नेमकी रात्रीची पाळी आली, तर हरभरा थांबत नाही. "मोबाईल स्टार्टर बसवा ना," असं म्हणता. बसवला आहे. त्यानं मोटार सुरू होते, स्प्रिंकलरचे पाईप चालत दुसऱ्या जागी जात नाहीत. दर तीन तासांनी ते ओले पाईप सोडवायचे, खांद्यावर घ्यायचे, पुढं नेऊन जोडायचे. २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा साडेतीनवर उतरला होता, तेव्हाही हेच करत होतो. हात पाईपला चिकटतात की पाईप हाताला, कळत नाही. "सोलर घ्या," म्हणता. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही सरकारी योजना ज्यांच्याकडे विजेची जोडणी नाही त्यांच्यासाठी आहे, आमच्या विहिरीवर ती बाबांच्या काळापासून आहे. "बहिणीकडे ठेवा," म्हणता. ठेवलं होतं, नागपूरला, बावीस दिवस, तिसऱ्या मजल्यावर. तिथं दार रात्री बंद आणि दिवसाही बंद. फक्त त्याला कोणी कोंडणं म्हणत नाही, फ्लॅट म्हणतात.

आता ती रात्र. दोन वर्षांपूर्वीची, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातली.

तेव्हा मी कडी लावत नव्हतो. माय झोपली की दार नुसतं लोटून जायचो. त्या रात्री बारानंतर लाईन आली. पहिला पाळा लावला, तिकडं रोह्यांचा, नीलगायींचा, कळप घुसला होता तो हाकलला, दुसरा पाळा जोडला आणि तीनच्या सुमाराला चहा प्यायला घरी आलो. दार सताड उघडं. खाटेवर गोधडी नीट घडी करून ठेवलेली. ती घडी पाहून पोटात खड्डा पडला. घाईघाईत उठून गेलेलं माणूस घडी करत नाही. कामाला निघालेलं करतं.

आधी विहीर पाहिली. बॅटरी आत मारली, पाण्यावर नुसता उजेड हलला. मग कोठा, मग नाल्याकडची वाट. बोरचा व्याघ्र प्रकल्प इथून लांब नाही, आणि नाल्याकाठी पाऊलखुणा आम्ही दर हिवाळ्यात पाहतो. ओरडायचं की नाही, हेही सुचत नव्हतं. पाऊण तास असा गेला. मग शेजारच्या वावरातून आवाज आला, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, हलल्याचा. रानडुक्कर असेल म्हणून काठी उचलली.

माय होती. कमरेला लुगड्याचं फडकं बांधून कापूस वेचत होती. अंधारात, चप्पल नाही, स्वेटर नाही, पाय घोट्यापर्यंत दवानं ओले. एकेक बोंड चाचपून, दोन्ही हातांनी, पाला न लागू देता, अगदी साफ. पन्नास वर्षांची सवय बोटांत तशीच होती. फक्त एक गोष्ट गेली होती. माझ्या मायनं आयुष्यात कधी दव सुकल्याशिवाय बायांना वेचणीला लावलं नाही. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावर पैसे कापतात आणि बाराच्या वर गेला की घेतच नाहीत. हे आकडे तिला ठाऊक नव्हते, पण मूठ दाबून ती कापूस परत करायची. "वल्ला हाय, उन्हात टाक." ती बाई दवात वेचत होती.

मी काय केलं ते गावात कोणाला सांगितलेलं नाही. मी प्रेमानं हाक मारली नाही. दंडाला धरून एवढ्या जोरात हिसका दिला की फडकं सुटलं आणि सगळा कापूस मातीत सांडला. ती रडली नाही, ओरडली नाही. खाली बसली आणि एकेक बोटभर कापूस उचलून फुंकर मारायला लागली.

"कचरा लागला न बाप्पा. आता भाव कटते."

मी उभाच राहिलो. मग बसलो आणि तिच्यासोबत वेचला. सकाळी तो कापूस शेजाऱ्याला नेऊन दिला, कारण वावर त्याचं. दोन-अडीच किलो असेल. तो हसला, म्हणाला, राहू दे भाऊ, मायच्या हातचा आहे. चांगला माणूस. 'कोंडून ठेवतात म्हणे' हे गावात पहिल्यांदा त्यानंच सांगितलं. तरीही चांगला माणूस.

तिच्या दंडावर माझी चार बोटं आठ दिवस होती. आंघोळ मीच घालतो, त्यामुळे रोज दिसायची. नवव्या दिवशी कडी बसवली.

भाचा स्पर्धा परीक्षा देतो. तो म्हणाला, मामा, २००७ चा कायदा आहे, आईवडिलांना सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मी विचारलं, सोडून न देता घरात ठेवण्यासाठी कडी लावली तर? तो म्हणाला, वाचून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

आणि हेही सांगून टाकतो. पंधराएक वर्षांपूर्वी गावातल्या एकानं आपल्या वेड्या भावाला खोलीत ठेवलं होतं. चावडीवर सगळ्यांसमोर मी त्याला कसाई म्हणालो होतो. मोठ्या आवाजात, दोनदा. आज तो मला बाजारात भेटतो. तो एकटाच असा आहे की जो हा प्रश्न विचारत नाही. मी तेव्हा चुकलो होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती आणि तिथला वास रस्त्यापर्यंत यायचा. पण त्याच्या घरी रात्री कोण बसायचं, हे मी विचारलं नव्हतं, हे खरं.

कडीचा एक त्रास कोणाला माहीत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवता येत नाही. निखाऱ्याचा विषारी वायू वास न येताही माणूस नेतो. म्हणून कडी लावायच्या आधी शेगडी बाहेर काढावी लागते. म्हणजे ती सुरक्षित असते तेव्हा थंडीत असते. गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी ठेवतो, दोन तासांत ती गार होते.

मागच्या महिन्यात एका रात्री दीड वाजताच लाईन गेली, ट्रान्सफॉर्मर उडाला. ओलित संपलं. घर तीनशे पावलांवर. मी गेलो नाही. विहिरीजवळ पऱ्हाट्या पेटवून चार वाजेपर्यंत बसलो. ती जागी असेल, हे माहीत होतं. कोणी हाक मारत नव्हतं, कोणी "बैल कुठी गेले" विचारत नव्हतं. बरं वाटत होतं. तेव्हा वरचं सगळं लाईनीचं पुराण खरं असलं, तरी त्या रात्रीपुरतं खोटं आहे.

शेजारची वयनी मध्यंतरी दोन रात्री येऊन मायजवळ बसली. मग त्यांच्याच गव्हाला पाणी आलं.

आता नवीनच सुरू झालंय. मी पहाटे येतो, बाहेरची कडी काढतो, तर दार उघडत नाही. आतून लावलेली असते. ती कधी उठते, कधी लावते, ठाऊक नाही. ओल्या कपड्यांनी दारात उभा राहून हाका मारतो.

"माय, मी आहे. उघड."

"माहा पोरगा वावरात गेला. तो आल्याबिगर मी कोणाले उघडत नाही."

परवा अर्धा तास उभा होतो. आतली कडी काढून टाकायला पाहिजे, आत काही झालं तर? पेचकस घेऊन दोनदा गेलो. एक स्क्रू काढला आणि परत बसवला.