लेकी बोले, सुने लागे

शुक्रवार, रात्री साडेदहा

आप्पांशी बोलायचं आजही राहिलं. तिसरा आठवडा. सकाळी अगदी ठरवून गेलो होतो की गाडी आली की स्टेशनबाहेरच्या टपरीवर गाठायचं. आप्पा अमळनेरहून रोज अप-डाऊन करतात, खिशात पास, डब्यात कळण्याची भाकरी. गाठलं. ‘‘गाडी वेळेवर होती का आज?’’ एवढं विचारलं, दोन चहाचे पैसे दिले आणि गाडीला किक मारून एमआयडीसीत येऊन बसलो.

सुपरवायझर होऊन पाच महिने झाले. त्याआधी याच डाळमिलमध्ये आठ वर्षं, त्यातली पहिली दोन आप्पांच्या हाताखाली. तूर वाळली की नाही ते दाताखाली धरून कसं ओळखायचं, ते त्यांनीच शिकवलं. कटकन दोन तुकडे झाले तर वाळली, दात रुतला तर नाही. मी चावलेल्या दाण्याचा आवाज चार हातांवरून ऐकून ‘‘कच्ची’’ म्हणायचे. तेव्हा मी ‘पोऱ्या’ होतो. आता ‘साहेब’ म्हणतात. हे ‘साहेब’ मला जरा टोचतं, खोटं कशाला बोलू.

तर चुनी, म्हणजे डाळ करताना पडणारा तुकडा-भुगा, वाढली आहे. 100 किलो तुरीतून आमच्याकडे 72 किलोच्या आसपास डाळ निघायची, तीन आठवड्यांपासून 69 वर आली आहे. ऐकायला तीनच किलो वाटतात. पण दिवसाला 100 क्विंटल तूर लागते, म्हणजे रोजची 300 किलो डाळ चुनीत जाऊन ढोरांच्या पेंडीला लागते. शेठ काही बोलले नाहीत, नुसता कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.

कारण मला दिसतंय. आप्पांच्या मशीनचा साल घासणारा रोल घट्ट आहे. साल निघतं, पण दाणाही घासला जातो, त्याच्या कडा जातात. जाऊन ‘‘आप्पा, रोल ढिला करा’’ म्हणायचं, चार शब्दांचं काम. मी काय केलं? परवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘सर्व ऑपरेटर व हेल्पर यांना सूचना. चुनीचे प्रमाण वाढले आहे. कामातील हलगर्जीपणा खपवून घेतला जाणार नाही.’ चौदा अंगठे आले. पहिला अंगठा आप्पांचा.

शनिवार

फीडिंगवरचा, म्हणजे मशीनमध्ये तूर ओतणारा, चोपड्याकडचा पोरगा हिशोब मागायला आला. लागून दोनच महिने झालेत. मला वाटलं कानबाईच्या सणासाठी उचल हवी असेल. तर म्हणे, ‘‘साहेब, तुम्ही ते माझ्यावरच लिहिलं होतं ना? माझ्याकडून त्या दिवशी दोन पोती सांडली होती.’’

मला ती पोती माहीतही नव्हती. त्याला समजावलं, तुझा काही संबंध नाही रे. मग कोणाचा, असं त्यानं विचारलं आणि मी गप्प. तो म्हणाला, दोन गल्ल्या सोडून चटईच्या कारखान्यात बोलणं झालंय, सोमवारपासून तिकडे. गेला. चांगला हात होता पोराचा. आजी म्हणायची तेच झालं, लेकी बोले सुने लागे. फरक इतकाच की इथे लेकीलाच लागलं आणि सून आरामात अंगठा दाखवून मोकळी झाली.

रविवार, कानबाई

मिल बंद. खरं तर सुटीचाही घोळच. अहिराणी पट्ट्यातल्या सगळ्यांना रविवार-सोमवार दोन्ही हवे होते. रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, आणि प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, म्हणजे घरी हजर राहणं आलंच. सोमवारी निम्मेच सोडले. कोणाला सोडायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. तेव्हा मला ते फार न्यायाचं वाटलं होतं. आता वाटतं, तीही पळवाटच. ज्याच्या घरी देवी बसते त्याला आधी, असं सरळ सांगता आलं असतं. दोघं फुगले असते, फुगू द्यायचे. आप्पांची चिठ्ठी निघाली ते नशीब.

बढती मिळाली तेव्हा एका दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. चूक सांगताना सँडविच करायचं, असं तिथल्या सरांनी शिकवलं. आधी कौतुक, मधे चूक, वर पुन्हा कौतुक. पुण्याकडे चालत असेल. आपल्याकडे वरिष्ठानं सकाळी सकाळी कौतुक केलं की माणूस आधी खिसा चाचपतो. एकदा करून पाहिलं होतं. ‘‘आप्पा, तुमच्यासारखा ऑपरेटर जळगावात नाही,’’ म्हटलं. त्यांनी विचारलं, ‘‘मशीन विकी ऱ्हायनात का?’’ मधल्या भाजीपर्यंत मी पोचलोच नाही.

मंगळवार, रात्री

बोललो.

दुपारच्या सुटीत आप्पा पोत्यांच्या थप्पीआड डबा सोडून बसले होते. शेजारी बसलो. त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला, मी खाल्ला. मग पाण्याचा घोट घेऊन एका दमात म्हणालो, ‘‘आप्पा, चुनी तुमच्या मशीनवर वाढलीय. रोल घट्ट आहे. ग्रुपवरचं तुम्हालाच उद्देशून होतं.’’

ते जेवत राहिले. मला आयुष्यातली सगळ्यात लांब दोन मिनिटं वाटली. मधे काहीतरी बोलून सावरावं, ‘‘म्हणजे तसं नाही,’’ असं म्हणावं, जिभेवर आलं होतं. जीभ दाताखाली धरली.

डब्याचं झाकण लावून म्हणाले, ‘‘चूक मन्ही, मंग आख्खा गावले कसाले सांगस? माले सांग ना.’’ आणि लगेच, ‘‘तूर कच्ची शे रे. साल सुटत नही, मंग मी काय करू?’’

उठून ढिगातले चार दाणे आणून माझ्या तळहातावर ठेवले. चावले. दात रुतला.

मग डोक्यात प्रकाश पडला. साल सुटावं म्हणून तेल लावल्यावर तूर ढिगात मुरायला आमच्याकडे दोन रात्री देतात. सणाच्या ऑर्डरची गाडी वेळेत भरावी म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मीच ते मुरणं एका रात्रीवर आणलं होतं. त्यात श्रावण, गच्चीवर वाळवण नाही, सगळं ड्रायरवर. न मुरलेल्या दाण्याचं साल चिकटून राहतं, मग ते काढायला आप्पांनी रोल आवळला. मी म्हटलं, ‘‘मग मला सांगितलं का नाही?’’

‘‘साहेबले कोन सांगई?’’

हे मात्र मला पटलं नाही, आणि तसं सांगितलं. तीन आठवडे रोज 300 किलो जाताना तुम्ही पाहत राहिलात, ते चुकलंच. माझा आवाज थोडा चढला होता. आप्पांनी मान हलवली नाही, नाहीही म्हणाले नाहीत. चार वाजता पाहिलं तर रोल ढिला केलेला होता आणि गोट्यावर, म्हणजे मशीनमधून निघालेल्या अख्ख्या दाण्यावर, ठिकठिकाणी साल तसंच. म्हणजे तूर मुरल्याशिवाय इलाज नाही.

चोपड्याच्या पोराला फोन केला. उचलला नाही.

उद्या दहाला शेठ येतात. केबिनमध्ये जाऊन सांगायचं आहे की पुन्हा दोन रात्री द्याव्या लागतील, गुरुवारची गाडी शुक्रवारी जाईल, आणि एक रात्र कमी मीच केली होती. पहिलं वाक्य तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा ‘पावसामुळे’ने सुरू झालं. खोडलं. बायको म्हणतेय, लाईट बंद करा.