राखीव दिवस

जपानच्या व्हिसासाठी जे कागद लागतात त्यांत एक तक्ता असतो. तारीख, त्या दिवशी काय करणार, मुक्काम कुठे, तिथला फोन नंबर. विमानातून उतरल्यापासून परत चढेपर्यंत एकही तारीख मोकळी सोडायची नाही. परवा दुपारी जेवण आटोपून मी तो भरायला बसले. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. चहाची वेळ टळून गेली तरी मी १६ नोव्हेंबरपाशीच अडकले होते.

१६ नोव्हेंबरला आम्ही काहीच करणार नव्हतो. तसं ठरलेलंच होतं. पण ठरवून काही न करणं तक्त्यात लिहायचं कसं?

आम्ही म्हणजे मी आणि ताई. दोघींची वयं मिळून सव्वाशे, गुडघे चार, त्यातले भरवशाचे दोन. ती नाशिकला, मी पुण्यात. टूर कंपनीबरोबर जायचं नाही, एवढ्या एका मुद्द्यावर आमचं एकमत आहे. सकाळी साडेसहाला खोलीतला फोन वाजवून कुणीतरी उठवणार, ही कल्पनाच तिला सोसत नाही. बाकी सगळ्यावर गेले दोन महिने रोज रात्री साडेनऊला फोनवर भांडण.

ताईची यादी ऐकावी. टोकियो, फुजी, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा, नागासाकी, आणि ‘तो पाण्यात उभा असलेला लाल दरवाजा’. (तो हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर आहे, हे मी शोधून काढलं.) नकाशावर सगळं कसं वीतभर जागेत बसतं. मग एकेक भानगड कळत जाते. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघावा तर तो टोकियो-क्योटोकडे मार्चच्या अखेरीला फुलतो, तेव्हा नातवंडांच्या परीक्षा. परीक्षा त्यांची, पण घरात ताई लागते. मे महिन्यात जावं तर एप्रिलअखेरपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांचाच गोल्डन वीक, म्हणजे लागोपाठच्या सुट्ट्या, अख्खा जपान गाड्यांमध्ये. म्हणून नोव्हेंबर. मग सोमवार. तिकडची बरीचशी म्युझियमं सोमवारी बंद, आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि मंगळवारी बंद. यावर मला बोलायला तोंड नाही. आपल्याकडे अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. दोन दिवसांसाठी संभाजीनगरला उतरलेला परदेशी पाहुणा सोमवारी सकाळी रिसेप्शनवर जसा उभा राहत असेल, तशी मी त्या सोमवारांपुढे उभी राहिले.

त्यात रेल्वेचा पास. ताईची जाऊ २०१९ मध्ये जाऊन आली, तिने बजावलेलं, सात दिवसांचा पासच काढा, फुकटात पडतो. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला, आणि एवढं करून सगळ्यांत वेगवान जी नोझोमी गाडी तिला वर वेगळे पैसे. आमच्या फिरण्याला सुटी तिकिटंच स्वस्त. टोकियोला उतरायचं, ओसाकाहून परतायचं, म्हणजे उलटं येण्याचं भाडंही नाही. हा हिशेब जमला त्या रात्री मी इतकी खूश होते की ताईला साडेनऊऐवजी पावणेनऊलाच फोन केला. ती मालिका बघत होती, काही बोलली नाही.

भाच्याने मला कम्प्युटरवर रंगीत रकाने करून दिले आहेत. मी ते उघडत नाही. मला फुलस्केप कागद लागतो, मध्ये घडी घातलेला, डावीकडे तारीख, उजवीकडे गाव. ही अप्पांची पद्धत.

अप्पांना ऑफिसातून एलटीसी, म्हणजे सुट्टीतल्या प्रवासाची सवलत, मिळायची. ती मिळायच्या आधी सहा महिने रेल्वेचं टाइमटेबल घरात वावरायला लागायचं. सर्क्युलर तिकीट काढायचं, पुण्यातून निघून पुण्यातच परत, मध्ये वाटेतली सगळी गावं. अप्पा पाटावर बसून पेन्सिलीने गाड्या जोडायचे. एक गाडी पहाटे चारला पोचते, दुसरी सहाला सुटते, मधले दोन तास वेटिंग रूममध्ये, तिथे दात घासून होतील, असं सगळं. आई लसूण सोलता सोलता विचारायची, ‘आणि गाडी उशिरा आली तर?’ अप्पांना हा प्रश्न अपशकुनी वाटायचा. दर मोठ्या स्टेशनवर ते नग मोजत. ट्रंक, होल्डॉल, वळकटी, सुरई, वेताची बास्केट. सहावा नग ताई, सातवा मी.

आता जपानात म्हणे टोकियोच्या हॉटेलात बॅग सोपवली की ती एरवी दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात हजर. ताक्युबिन म्हणतात. वरून टोकियो-क्योटो मार्गावरच्या शिंकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेसाठी आधी जागा राखावी लागते. अप्पांचा होल्डॉल यात कुठेच बसला नसता. पण बॅग आपल्याला सोडून एक रात्र एकटी प्रवास करणार, हे अप्पांना आवडलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही जड जातंय. ताई म्हणते, पाठवू. मेतकूट आणि भाजणी तेवढी हातातल्या पिशवीत ठेव. ती शाकाहारी आहे आणि तिकडे साध्या भाजीच्या रश्शातसुद्धा माशाचं पाणी असू शकतं, हे कळल्यापासून भाजणीचं वजन दर आठवड्याला अर्धा किलोने वाढतंय.

मी चौथीत असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दिल्ली, आग्रा, हरिद्वार केलं. अप्पांच्या कागदावर हरिद्वारपुढे दोन तारखा होत्या आणि दुसऱ्या तारखेपुढे लाल पेन्सिलीने एकच अक्षर, ‘रा’. राखीव. त्या दिवशी आम्ही कुठेही गेलो नाही. आईने धर्मशाळेच्या गच्चीवर आठ दिवसांचे कपडे धुऊन वाळत घातले, आणि दुपारी आम्हां दोघींना घेऊन घाटावर येऊन बसली. घाटावर पाण्यात साखळ्या आहेत, ओढीत पाय सुटू नयेत म्हणून. आईने एका हातात साखळी धरली, पाय गंगेत सोडले आणि बसली. किती वेळ कुणास ठाऊक. तिच्या हातात पिशवी नाही, लसूण नाही, विणकाम नाही, अशी मी तिला पहिल्यांदा बघत होते. मी काहीतरी विचारलं तर म्हणाली, ‘थांब गं जरा.’ ताजमहालातलं मला काही आठवत नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही प्रवासाच्या कागदावर एक ‘रा’ लिहिते. अगदी तीन दिवसांचा कोकण असला तरी.

यादीतून शहरं काढणं हे काम मात्र वाटतं तेवढं साधं नाही. तयार बेत चाळले की हिरोशिमापुढे बहुधा ‘अर्धा दिवस’ लिहिलेलं दिसतं. मीही लिहिलं, सकाळी दहा ते दोन. मग वाचता वाचता भलतंच हाताला लागलं. १९४५ च्या उन्हाळ्यात आणखी एका टेबलावर शहरांची यादी होती, आणि तिच्यात क्योटो होतं. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी हट्ट धरून ते काढायला लावलं. नागासाकी त्यानंतर यादीत आलं. ९ ऑगस्टला विमान निघालं होतं तेही कोकुरासाठी. तिथे वरून खालचं काही दिसेना, म्हणून पुढे नागासाकीला गेलं. आमच्या कागदावर मी आदल्याच रात्री नागासाकीवर काट मारली होती, फार लांब पडतं म्हणून. हे ताईला वाचून दाखवलं. ती ‘हं’ म्हणाली. त्या रात्री फोन लवकर संपला. दुसऱ्या दिवशी खोडरबर घेऊन ‘दहा ते दोन’ पुसलं आणि हिरोशिमाला दोन दिवस दिले. ओसाका आक्रसलं, त्याला इलाज नाही.

तर, १६ तारीख. १५ ला नारा. तिथली हरणं बिस्किटांसाठी माना लववतात म्हणे. १७ ला हिरोशिमा. मधला ‘रा’. परवा रात्री ताई म्हणाली, रिकामा कशाला ठेवतेस, त्या दिवशी क्योटोहून ओकायामा करून येऊ. नोझोमीने तासाभराचं तर अंतर. तिथली कोराकुएन बाग बघू, १७०० साली पुरी झालेली.

‘तिच्याच धर्तीवरची बाग आमच्या सिंहगड रोडला आहे,’ मी म्हटलं. ‘पु. ल. देशपांडे उद्यान. मी रोज सकाळी फिरते तिथे.’

‘मग तर बघायलाच हवी. रोज फिरतेस ती कशावरून केली ते.’

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी अप्पांना मध्ये आणलं. एक दिवस राखीव ठेवायचाच, अप्पा ठेवायचे, हरिद्वारला नव्हता का, आई कशी बसली होती बघ.

ताई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘अगं, कसला राखीव? त्या दिवशी आपण डेहराडून-मसुरीला जाणार होतो. अप्पांचं पोट बिघडलं. दिवसभर धर्मशाळेत पडून होते.’

‘पण कागदावर “रा” होता. लाल पेन्सिलीने.’

‘तो “रद्द”चा “र” असेल.’

मी तो कागद घरात शोधला. माळ्यावरची ट्रंक काढली, तिच्यात आईची शाल, दोन विजेची बिलं, आमची प्रगतिपुस्तकं. कागद नाही. ताई सहावीत होती तेव्हा, तिला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. पण तिला आईचे पाण्यातले पाय आठवत नाहीत, हेही मी विचारून घेतलं.

काल व्हिसाच्या एजंटकडे कागद दिले. टेबलापलीकडचा मुलगा बोट फिरवत खाली आला आणि थांबला. ‘मॅडम, १६ ला काय?’

‘कपडे धुणार,’ मी म्हटलं.

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, हसला नाही. दिवसाला माझ्यासारख्या किती येत असतील. ‘काहीतरी लिहावं लागतं, मॅडम.’ मग स्वतःच पेन उचलून त्याने त्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’ अशा अर्थाचं लिहिलं, माझी सही घेतली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

वर नारा होतं. तेव्हा जपान सरकारच्या दप्तरी आम्ही दोघी बहिणी लागोपाठ दोन दिवस हरणांना बिस्किटं चारणार आहोत. ताईला अजून सांगितलेलं नाही.