भुसावळहून नर्मदेची खंड परिक्रमा : सात खंड, आठ वर्षे आणि एक लांबचा वळसा

रेल्वेच्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या माणसाला सलग पाच-सहा महिन्यांची रजा मिळत नाही, आणि नर्मदेची परिक्रमा पायी करायची म्हटली तर साधारण तेवढे दिवस लागतातच. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून सुमारे २६०० किलोमीटर चालणे आले. म्हणून मी आणि माझे मोठे साडू (यावलचे, पेशाने शिक्षक, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात) अशा दोघांनी २०१५ च्या कार्तिकात खंड परिक्रमेला आरंभ केला. दर वर्षी रजा जुळेल तेवढे चालायचे, थांबायचे, आणि पुढच्या वर्षी त्याच ठिकाणाहून पुढे निघायचे. माझी परिक्रमा सातव्या खंडात, २०२४ च्या फाल्गुनात, ओंकारेश्वरला पूर्ण झाली. अण्णांची अजून व्हायची आहे. त्याचे कारण पुढे येईल.

खानदेशातून निघणाऱ्याने एक गोष्ट पहिल्या दिवसाच्या आधी समजून घ्यावी, कारण आम्हाला ती तिसऱ्या वर्षी समजली. परिक्रमेत नदी सतत उजव्या हाताला ठेवायची असते आणि तिचे पात्र ओलांडायचे नसते. आपला सगळा मुलूख नर्मदेच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे दक्षिण तटावर कुठेही खंड थांबवला तरी घरी येण्यात अडचण नाही. पण उत्तर तटावर थांबलात तर घर आणि तुम्ही यांच्यामध्ये मैया, म्हणजे नर्मदा, उभी असते. अखंड चालणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. खंड करणाऱ्याची मात्र सगळी परीक्षा चालण्यापेक्षा या सांध्यांवर होते.

पहिला खंड आम्ही ओंकारेश्वर ते शहादा असा धरला. भुसावळहून गाडीने खंडवा, तिथून बसने सनावदमार्गे मोरटक्का आणि पुढे बारा किलोमीटरवर ओंकारेश्वर, हा सगळा प्रवास दक्षिण तटानेच होतो. मोरटक्क्याचा पूल ओलांडून बडवाहाला जायचे नाही, एवढे लक्षात ठेवावे. ओंकारेश्वरचे मुख्य मंदिर मांधाता बेटावर आहे. एकदा संकल्प सोडला की बेटावर जाता येत नाही, म्हणून दर्शन आदल्या दिवशी उरकावे. संकल्पाच्या दिवशी घाटावर पूजा, कन्यापूजन, कढाई म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, आणि शिशीत मैयाचे जल भरून घेणे असा क्रम असतो. परिक्रमावासी असल्याचे पत्र तिथेच करून घ्यावे आणि त्यासोबत एक वही ठेवून प्रत्येक मुक्कामी शिक्का घ्यावा. खंड करणाऱ्याला या वहीचा दुप्पट उपयोग होतो, कारण मागच्या वर्षी नेमके कुठे थांबलो याचा तोच पुरावा असतो.

शिशीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. मी पाव लिटरची प्लास्टिकची बाटली घेतली होती. तिसऱ्या दिवशी तिचे झाकण सैल होऊन अर्धे जल सॅकमध्ये सांडले आणि वहीतले पहिले दोन शिक्के निळे ओघळ होऊन गेले. अण्णांनी मात्र घरून काचेची जाड बुडाची शिशी आणली होती, तिला सुती कापडाची पिशवी शिवलेली होती आणि गळ्यात अडकवायला नाडी होती. त्यांनी शिशीवर सुईने एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. रोज सकाळी पूजा झाली की ते त्या रेघेपर्यंत ताजे जल घालत. खंड संपवून घरी आल्यावर ती शिशी देवघरात जाते, आणि पुढचे दहा-अकरा महिने तिच्यातले जल कमी होणार नाही याची काळजी घरच्यांना घ्यावी लागते. झाकण फिरकीचे आणि आतून रबर असलेले घ्या. बाकी काहीही चालेल.

या पहिल्या टप्प्यात रावेरखेडी लागते. आमच्या रावेर तालुक्यातल्या मंडळींचा या नावाने नेहमी घोटाळा होतो, पण हे मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातले गाव आहे. थोरले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी तिथे वारले आणि त्यांची समाधी तटावरच आहे. तिथे एक मुक्काम करावा, घाई करू नये. पुढे बकावा गावात नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगे घडवणारी घरे आहेत. विकत घ्यायचा मोह आवरावा, कारण ते वजन पाठीवर तुम्हालाच वाहायचे आहे. महेश्वरचा घाट समोरच्या तटावर दिसत राहतो. तिकडे जायला दोन-तीन वर्षे लागणार आहेत हे ठाऊक असून तो घाट पाहण्यात एक वेगळी गंमत होती.

बडवाणीनंतर रस्ता दोन प्रकारे फुटतो. सरदार सरोवराच्या फुगवट्यात जुनी तटाची वाट आणि राजघाट गेले, तसे मूळ शूलपाणेश्वराचे मंदिरही गेले. आता नवे मंदिर गुजरातेत गोरा या गावी आहे. ज्यांना तट शक्यतो सोडायचा नाही ते शूलपाणीच्या झाडीतून, म्हणजे सातपुड्याच्या डोंगरांतून धडगाव तालुक्यात उतरतात. ज्यांना सोपी वाट हवी ते खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा अशा डांबरी रस्त्याने जातात. आम्ही दुसरी वाट घेतली. आज विचाराल तर दोन्ही पाय धड असणाऱ्याने झाडीतूनच जावे असे मी म्हणेन. रस्त्याच्या वाटेने नर्मदा इतकी दूर राहते की प्रकाशाला आपण चक्क तापीच्या काठी आसन लावतो, आणि दक्षिण काशी म्हणून त्या जागेचे माहात्म्य कितीही मोठे असले तरी मन जरा खट्टू होते. झाडीतल्या लुटारू मामांच्या (तिथल्या भिल्लांना परिक्रमावासी मामा म्हणतात) गोष्टी अजून सांगितल्या जातात. त्या जुन्या काळच्या आहेत. आज तिथल्या पाड्यांवर लोक आपल्या वाट्याची भाकरी काढून देतात असे त्या वाटेने आलेल्या प्रत्येकाने आम्हाला सांगितले. चढ मात्र खरे आहेत, दुकाने विरळ आहेत आणि फोन बराच वेळ लागत नाही. जाताना चार-पाच जणांच्या सोबतीने जावे आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी एक सूचना. कार्तिक-मार्गशीर्षात शहादा परिसरात ऊसतोड सुरू असते. पहाटे अंधारात चालण्याची सवय इथे सोडावी, कारण उसाच्या ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असे नाही. उजाडल्यावर निघावे आणि पाठीवर पांढरे कापड टाकावे.

दुसरा खंड २०१६ च्या नोव्हेंबरात शहाद्याहून अंकलेश्वरपर्यंत झाला. आम्ही निघालो आणि चार दिवसांत पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. खिशात जवळपास तेवढ्याच होत्या. एरवी हा मोठा प्रसंग झाला असता, पण परिक्रमेत सकाळचा बालभोग आश्रमात, दुपारची भोजनप्रसादी कोणाच्या तरी ओसरीवर आणि रात्री सदाव्रतात मिळालेल्या डाळ-तांदळाची खिचडी, असे चालत असल्याने त्या नोटा सागबारा-डेडियापाड्याच्या सागवनातून राजपिपळ्यापर्यंत तशाच आमच्यासोबत चालल्या. अंकलेश्वर दक्षिण तटावर आहे; तिथून सुरत आणि सुरतेहून नंदुरबार-अमळनेरच्या गाडीने घर गाठता येते. खंड थांबवायला याहून चांगली जागा नाही.

तिसऱ्या खंडात हांसोटवरून विमलेश्वरला पोहोचलो. तिथून नावेने रेवासागर संगम, म्हणजे नर्मदा समुद्राला मिळते ती जागा, पार करून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरायचे असते. नाव भरतीच्या वेळेवर आणि पुरेशी माणसे जमल्यावर सुटते, त्यामुळे इथे एक-दोन दिवस हाताशी राखून ठेवावेत आणि परतीचे आरक्षण या टप्प्याआधी करूच नये. आम्ही दीड दिवस थांबलो. पुढे भरूच, रंगावधूत महाराजांचे नारेश्वर, आणि गरुडेश्वर, जिथे टेंबेस्वामींची १९१४ सालची समाधी आहे. गरुडेश्वरला पोहोचलो तेव्हा रजा संपत आली होती आणि मराठी कानावर पडल्याने घरची आठवणही जोर करू लागली होती.

आणि तिथेच अडलो. नर्मदेवरचा पूल समोर. पूल ओलांडला की राजपिपळा, अक्कलकुवा, नंदुरबार, फार तर एका दिवसात घर. पण पूल ओलांडायचा कसा? अण्णा घाटावर बसून राहिले. मी म्हटले, ‘‘अण्णा, आपण चालत थोडेच ओलांडणार आहोत? बसमध्ये बसून जाऊ.’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही बसा. शिशी माझ्याजवळ आहे, ती पुलावरून जाणार नाही.’’

मग नोकरीतले ज्ञान कामाला आले. नर्मदेचा उगम अमरकंटकला, आणि कटनीहून बिलासपूरला जाणारी रेल्वे अनूपपूर, पेंड्रारोड अशी अमरकंटकच्या पूर्वेकडून जाते. म्हणजे ती उगमालाच वळसा घालते. तेव्हा बडोदा, रतलाम, उज्जैन, भोपाळ, बीना, कटनी, बिलासपूर, नागपूर आणि भुसावळ असे आलो तर पाण्याचा थेंबही न ओलांडता घरी येता येते. आम्ही तसेच आलो. इंदूर-बिलासपूर नर्मदा एक्सप्रेस सोयीची वाटते, पण ती नर्मदापुरमला एकदा आणि जबलपूरच्या अलीकडे पुन्हा एकदा अशी नर्मदा दोनदा ओलांडते. नावावर जाऊ नये. चौथ्या दिवशी भुसावळला उतरलो, तेव्हा चालण्याने न सुजलेले पाय गाडीत बसून सुजले होते.

पुढच्या वर्षी त्याच वळशाने परत गरुडेश्वरला जायचे म्हणजे पंचवीस दिवसांच्या रजेतले चार दिवस पुन्हा गाडीत. मी तटावरच्या एका आश्रमातल्या वृद्ध महाराजांना फोनवरून विचारले. त्यांचे म्हणणे असे, की खंडापुरताच संकल्प करावा. खंड संपला की कन्यापूजन करून, शिशीतले जल मैयात सोडून संकल्प पूर्ण करावा. मग तुम्ही परिक्रमावासी राहत नाही आणि पूल ओलांडायला हरकत नाही. पुढच्या वर्षी त्याच घाटावर नवे जल, नवा संकल्प. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र याला सरळ ‘पळवाट’ म्हणाले, आणि खंडवाल्यांना आम्ही आसन देत नाही असे सांगून आम्हाला सूर्यास्ताला बाहेरही काढले. दोन्ही मते ऐकून मी पहिले स्वीकारले. २०१८ साली शेवटचा वळसा घालून गरुडेश्वरला गेलो, तिथे माझा संकल्प पूर्ण केला, आणि नवे जल घेऊन महेश्वरपर्यंत चाललो. यात चूक काय आणि बरोबर काय हे मी सांगणार नाही, पण जो निर्णय घ्यायचा तो घरी बसून, निघण्याआधी घ्यावा. पुलाच्या तोंडाशी, थकलेल्या पायांनी घेतलेला निर्णय वर्षभर टोचत राहतो.

उरलेले खंड थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये महेश्वर ते जबलपूर. यात नेमावर आणि त्याआधीचे जंगल येते, ते एकट्याने करू नये. मग करोनाची दोन वर्षे गेली, आणि २०२२ मध्ये मी निवृत्त झालो. २०२३ मध्ये जबलपूरहून अमरकंटक आणि दक्षिण तटाने परत नरसिंहपूरपर्यंत. अमरकंटकला पौषात जाऊ नये. दोन चादरी आणि एक घोंगडी असूनही मी रात्रभर बसून काढली. माघ उलटल्यावर जावे. नरसिंहपूर दक्षिण तटावर आहे आणि भुसावळ-जबलपूर मार्गावर आहे, म्हणून खानदेशातल्या माणसाने थांबायचे तर जबलपूरला न थांबता इथे थांबावे. पुढची नर्मदापुरम आणि हरदा ही स्थानकेही दक्षिण तटाकडेच असल्याने सोयीची आहेत. शेवटचा खंड नरसिंहपूर ते ओंकारेश्वर.

पाठीवरचे ओझे सहा किलोच्या वर जाऊ देऊ नका. बूट निदान दोन महिने आधी घेऊन हतनूरच्या कालव्याकाठी किंवा जिथे सोय असेल तिथे रोज चालून घ्या. मी नवे कोरे बूट घालून निघालो आणि पहिल्या आठवड्यात दोन्ही टाचांचे फोड सुई-दोऱ्याने फोडत बसलो. चातुर्मासात चालायचे नसते, आणि होळीनंतर निमाडातले ऊन सोसत नाही. म्हणजे नोकरदाराला खरे चालण्याचे दिवस कार्तिकी एकादशीपासून शिमग्यापर्यंतचेच. त्यात माघ शुद्ध सप्तमीला, नर्मदा जयंतीला, ज्या घाटावर असाल तिथे थांबा. त्या दिवशी चालून कोणी पुढे जाऊ देत नाही.

अण्णांनी माझा मार्ग स्वीकारला नाही. २०१८ साली ते माझ्याबरोबर आलेच नाहीत. त्यांचा संकल्प गरुडेश्वरलाच थांबलेला आहे आणि जाड बुडाची ती शिशी यावलच्या देवघरात आहे. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा मावशीबाई, म्हणजे त्यांच्या आई, तिच्यात चमच्याने जल घालत होत्या; मी ओंकारेश्वरहून आणलेल्या कॅनमधले, सुईच्या रेघेपर्यंत. अण्णा आता निवृत्त झाले आहेत. येत्या कार्तिकात गरुडेश्वर ते अमरकंटक आणि तिथून ओंकारेश्वर असे सलग करायचे म्हणतात. भुसावळहून नागपूर, बिलासपूर, कटनी, बीना, भोपाळ, रतलाम, बडोदा या गाड्यांचे वेळापत्रक एका कागदावर लिहून द्या, एवढेच त्यांनी माझ्याकडे मागितले आहे.