डब्लिनचा हार्पचा पूल: जेवून निघा, छत्री नेऊ नका

मुलगी डब्लिनला नोकरी करते, तिच्याकडे जूनमध्ये तीन आठवडे राहून आलो. कोथरूडला परतल्यापासून सोसायटीतले तिघे "तिकडे बघायचं काय?" म्हणून विचारून गेले, तेव्हा एकदाच लिहून टाकतो. आमची ही म्हणते, आधी समुद्रकड्यांचं सांगा. ते सगळेच सांगतात. मी सॅम्युअल बेकेट पुलाचं सांगतो.

लिफी नदीवरचा हा पूल डिसेंबर 2009 मध्ये खुला झाला. आराखडा स्पॅनिश वास्तुरचनाकार सान्तियागो कालात्राव्हा यांचा. एकच पांढरा, वाकलेला खांब, तोही मधोमध नाही, एका काठाकडे सरकलेला, आणि त्याला ताणलेल्या 31 तारा. आडवा ठेवलेला हार्पच, म्हणजे तिकडचं मोठं तंतुवाद्य! हार्प हे आयर्लंडचं राष्ट्रचिन्ह, त्यांच्या नाण्यांवरही तेच. एक युरोचं नाणं काढून, एक डोळा मिटून मी पुलासमोर धरलं. मुलगी म्हणाली, "बाबा, लोक बघतायत."

पुलाचा पोलादी सांगाडा रॉटरडॅमजवळ तयार करून तराफ्यावरून समुद्रमार्गे आणला. जहाज आलं की अख्खा पूल 90 अंशांत फिरून वाट देतो. ते बघायला पहिल्या दिवशी दीड तास वाऱ्यात उभा राहिलो. शेवटी काठावरच्या एका आजोबांनी सांगितलं, जहाज असेल तरच फिरतो, रोजचं असं काही नाही. तोवर तुळशीबागेतली छत्री उलटी होऊन दोन काड्या गेल्या होत्या. छत्री नकोच, टोपीचं विंडचीटर न्या.

आणि पुलावर उभं राहून पूल दिसत नाही, हे लक्षात ठेवा. पश्चिमेला शॉन ओकेसी नावाचा पादचारी पूल आहे, तिथून बघा. सकाळी ऊन समोरून डोळ्यांवर येतं, संध्याकाळी पाठीशी असतं. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे खुशाल जेवून निघा. भरतीची वेळ साधलीत तर उत्तम. ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो आणि वास येतो, ही लगेच म्हणाली, "आला भिडे पूल."

लुआस ट्रामच्या रेड लाइनवर स्पेन्सर डॉक हा जवळचा थांबा, पण तिथे परतताना चढा. जाताना कस्टम हाउसपाशी उतरून उत्तर काठानं चालत जा. हा सगळा जुन्या गोदीचा भाग. बंदराचं काम खाली समुद्राकडे सरकलं, गोदामं ओस पडली, 1987 नंतर इथे वित्तीय कंपन्या आल्या. आता नुसती काच. वाटेत दुष्काळाचं स्मारक लागतं, तिथे मात्र थांबा. 1845 पासून बटाट्याचं पीक रोगानं गेलं, त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. ब्राँझची हाडकुळी माणसं बोटीच्या दिशेनं निघालीत, एकाच्या खांद्यावर आडवं टाकलेलं पोर, आणि सगळ्यांच्या मागे एक उपाशी कुत्रं. आम्ही दोघं तिथे बोललो नाही.

शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. ब्रिटनचा असेल तर तो ब्रिटिश-आयरिश योजनेत (एकाच व्हिसावर दोन्ही देश) बसतो का, हे तिकीट काढण्याआधी तपासा. विमानतळावरून रेल्वे नाही, बसच. बस-ट्रामला लीप कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं) घ्या, सुट्ट्या पैशांपेक्षा स्वस्त पडतं. आमची दोन कार्डं घरीच पडली आहेत, थोडे पैसेही शिल्लक आहेत. जाणाऱ्यानं येऊन घेऊन जावीत.