सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन आणि एक सोपा विभव

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सोडियम निवडला, कारण त्याच्या 11 इलेक्ट्रॉनांपैकी 10 बंद कवचांत असतात आणि वर्णपटातल्या परिचित पिवळ्या रेषा बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे मिळतात. सगळे परस्पर प्रतिकर्षण मांडायचे तर 55 जोड्यांचा हिशोब ठेवावा लागतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनला इतरांच्या सरासरी क्षेत्रात हलताना पाहण्याची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ हार्ट्री यांनी 1928 मध्ये मांडली होती. मी ती आणखी सोपी केली. अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉनला पूर्ण 11 इतका प्रभार जाणवावा, दूर गेल्यावर 1 उरावा आणि मधली घट घातांकी असावी, असा विभव (जागेनुसार इलेक्ट्रॉनची स्थितिज ऊर्जा सांगणारे सूत्र) घेतला. ही घट किती वेगाने व्हावी, एवढाच पॅरामीटर माझ्या हाती होता.

खरा वेळ गेला तो या विभवातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि तरंगफलन (तो कुठे सापडण्याची शक्यता किती, हे ज्यावरून कळते ते फलन) देणारे श्रोडिंगर समीकरण संगणकावर सोडवण्यात. केंद्राजवळ तरंगफलन झपाट्याने वरखाली होते आणि बाहेर संथपणे विरत जाते, त्यामुळे समान अंतरावरचे बिंदू आत अपुरे आणि बाहेर वायफळ ठरतात. म्हणून अंतराचा लॉगरिदम हा चल घेतला, न्यूमेरोव्ह पद्धतीने (असे समीकरण एकेका बिंदूने पुढे सोडवत नेण्याची रीत) आतून बाहेर आणि बाहेरून आत अशी दोन उत्तरे काढली आणि ती जिथे भेटतात तिथला उतार जुळेपर्यंत ऊर्जा बदलत राहिले. एस, पी, डी ही इलेक्ट्रॉनच्या अवस्थांच्या प्रकारांची नावे आणि आधीचा आकडा कवचाचा; एस अवस्थांत सर्वांत खालचे उत्तर 1एसचे येते, कारण ती जागा आधीच भरलेली आहे हे या विभवाला ठाऊक नसते. म्हणून मध्ये दोनदा शून्य होणारे तरंगफलनच 3एस, म्हणजे बाहेरच्या इलेक्ट्रॉनची अवस्था, म्हणून स्वीकारायचे.

3एसची ऊर्जा प्रयोगातल्या उणे 5.14 इलेक्ट्रॉनव्होल्टवर (अणूंच्या ऊर्जेचे एकक) आणून पॅरामीटर ठरवला. हा आकडा जुळणे म्हणजे यश नव्हे, तो जुळवलेलाच असतो, परीक्षा 3पीची. प्रयोगातून ती उणे 3.04 येते, माझे उत्तर तिच्या आसपास आले, तंतोतंत नाही. 3डी मात्र हायड्रोजनच्या उणे 1.51ला जवळजवळ चिकटून राहिली, आणि प्रयोगही उणे 1.52च सांगतो, कारण तो इलेक्ट्रॉन आतल्या कवचांत फारसा शिरतच नाही. एस, पी, डी हा क्रम वेगळे काही न घालता मिळतो, ही मला या पद्धतीची सर्वांत मोलाची बाब वाटते.

नंतर भौतिकशास्त्रज्ञ हेलमान यांचा 1935 चा विभव वापरून पाहिला. त्यात आत एक प्रतिकर्षी पद घालून भरलेल्या अवस्था बाजूला सारल्या जातात आणि 3एस हीच सर्वांत खालची अवस्था होते. गणित सुटसुटीत झाले; पण 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर या दोन पिवळ्या रेषांमधला फरक स्पिन-कक्षा आंतरक्रियेतून (इलेक्ट्रॉनचे स्पिन आणि त्याची कक्षेतली गती यांच्या परस्पर परिणामातून) येतो, तिला केंद्राजवळचा विभवाचा खरा उतार लागतो आणि हेलमान यांच्या रूपात नेमका तोच भाग पुसला जातो. म्हणून त्या टप्प्यासाठी मी पहिलाच विभव कायम ठेवला.