टॉवरच्या मॉडेलला इंजिन कुठलं लावायचं

वागळे इस्टेटला आमचं वर्कशॉप आहे, बिल्डरच्या सेल्स ऑफिसात ठेवतात ना ती टॉवरची मॉडेलं बनवतो, मी वायरिंग आणि हलणाऱ्या गोष्टी बघते. या वेळी प्रोजेक्ट कळव्याचा, समोरूनच सेंट्रलचे रूळ जातात, आणि क्लायंटच्या साहेबांना मॉडेलमधे गाडी खरीखुरी फिरताना हवी होती, तीही दिवसभर. असं काम माझ्या वाट्याला आलं म्हणून मी जाम खूश.

मॉडेल १:१५० चं होतं. एन गेज म्हणजे मॉडेल रेल्वेचं एक छोटं माप, त्यात दोन रुळांमधलं अंतर सगळ्यांचं ९ मिमी पण गाड्यांचं माप देशागणिक वेगळं, अमेरिकन १:१६०, ब्रिटिश १:१४८ आणि जपानी १:१५०, म्हणजे जपानी आम्हाला बरोब्बर बसतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्या हिशोबाने ११ मिमीच्या वर जायला हवं, पण लांबून बघणाऱ्याला तेवढा फरक दिसत नाही.

साहेब आले तेव्हा टेबलावर तीन इंजिनं मांडलेली. एक केटो या जपानी कंपनीचं ईडी७५, लाल जपानी इलेक्ट्रिक, जेमतेम साडेनऊ सेंटीमीटर. बाकी दोन ब्रँडची नावं लिहीत नाही, एका नगावरून कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही. एक लांबलचक सहा अ‍ॅक्सलचं अमेरिकन डिझेल, केसाएवढी बारीक रेलिंग, आणि एक छोटं वाफेचं. साहेबांनी डिझेल उचललं आणि म्हणाले, "मॅडम, हेच फायनल करा."

मी म्हटलं, सर, दहा मिनिटं द्या. मी इंजिन कधीच फुल स्पीडला बघत नाही, नॉब अगदी खाली ठेवायचा आणि ते धक्का न देता सुटतं का ते बघायचं. दिसायला डिझेल असो की वाफेचं, आत मोटरच असते आणि वीज रुळातूनच येते, १२ व्होल्ट डीसी, त्यामुळे जितकी चाकं वीज उचलतील तितकं इंजिन कमी अडखळतं. आमच्याकडे तर लेझर कटिंगची अ‍ॅक्रेलिकची पावडर रुळाला चिकटून बसते, मी मुद्दाम पुसलीच नाही. वाफेचं इंजिन सांध्यावर आलं की मरायचं, बोटाने ढकललं की परत चालू. डिझेल सरळ रुळावर काय सुंदर चाललं, आत फ्लायव्हील, म्हणजे फिरत राहणारं जड चाक, असल्यामुळे मधे जरा वीज तुटली तरी थांबत नव्हतं, पण आमचं वळण पोडियमच्या, म्हणजे टॉवरखालच्या रुंद मजल्यांच्या, खाली, २४९ मिमी रेडियसचं, आणि तिथे त्याची पुढची बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा संच, दर फेरीला रुळावरून उतरत होती. वळण मोठं करायला बेसवर जागाच नाही. शिवाय त्याचा कपलर, म्हणजे डबे जोडायचा हूक, आमच्या डब्यांना लागेना. पाहुण्यांसमोर पोडियमखाली हात घालून गाडी काढायची म्हणजे शोभा.

ईडी७५ पावडरीवर एकदोनदा दिवा लुकलुकवून निघालं, सगळे डबे घेऊन चढही चढलं. याच्या काही चाकांना रबराची रिंग असते, त्याने पकड येते पण ती चाकं वीज घेत नाहीत, म्हणून रूळ रोज पुसावे लागणार हे मी तिथेच सांगितलं.

साहेब खाली वाकून बराच वेळ वळणाकडे बघत होते. मग म्हणाले, "लालच घ्या. पण दोन घ्या, एक गरम झालं की दुसरं लावता येईल." हे मीच मागणार होते! ऑर्डर त्याच संध्याकाळी गेली.